बिनगाठीचा पंख

दुबईच्या अल कुसैसमध्ये कुणा कोकणी घरातली बाई गेली की पहिला फोन नवऱ्याच्या भावाला जायचा आणि दुसरा हमीदाला. हॉस्पिटल, पोलीस, कॉन्सुलेट यांची धावपळ पुरुष मंडळी करायची. मय्यतीला आंघोळ घालणं, कफन बेतणं, शिवणं हे हमीदाचं. तिला कुणी नेमलं नव्हतं. एकदा कुणीतरी पुढे व्हायला हवं होतं, ती झाली, आणि तेव्हापासून हे काम तिच्या गळ्यातच पडलं. एरवी तिच्याकडे शाळेचे युनिफॉर्म, अबाया, पडदे आणि उशांचे अभ्रे असायचे. दोन्ही कामांसाठी लोक त्याच दारावर यायचे आणि बेल कशी वाजतेय त्यावरून ती ओळखायची की आज कुठलं कापड बाहेर काढायचं.

कफनाची शिलाई ती बाणकोटला फुफीच्या हाताखाली शिकली होती. कापड कात्रीने कापायचं नाही, हाताने फाडायचं. दोरा रिळातला घ्यायचा नाही, त्याच कापडातून ओढून काढायचा. आणि टाक्याला गाठ मारायची नाही, सुरुवातीला नाही आणि शेवटीही नाही. “मेलेल्याला बांधून ठेवू नये,” एवढंच फुफी म्हणाली होती. यात धर्माचं किती आणि गावच्या रीतीचं किती, हे हमीदाने कधी विचारलं नाही. तिचे हात शिकले, तेवढं तिला पुरलं.

तिचा नवरा युसुफ याचं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात अपहोल्स्टरीचं दुकान होतं. गाड्यांच्या सीटा, लाँचीची कव्हरं, लग्नाचे तंबू. माणूस दिलाचा चांगला, पण जिभेला हाड नाही. गिऱ्हाईक काहीही मागू दे, हा आधी “हो हबीबी, होऊन जाईल” म्हणायचा आणि मग घरी येऊन बायकोला विचारायचा की हे होतं कसं. त्याचे असे कित्येक ‘हो’ हमीदाने रात्रंदिवस मशीन चालवून निभावून नेले होते. म्हणून ९८ साली एका संध्याकाळी तो चपला काढता काढता “अगो हमीदा, एक विमान शिवायचं आहे” म्हणाला, तेव्हा तिने मशीनवरून मानसुद्धा वर केली नाही.

“आधी जेवा,” ती म्हणाली.

पण विमान खरंच होतं. उम्म अल कुवैनच्या रस्त्यावर एका हौशी अरबाबाने, म्हणजे तिथल्या अरब शेठने, जुन्या गाड्यांसाठी पत्र्याची मोठी शेड बांधली होती आणि तिथे खोक्यांतून हे विमान आलं होतं. ते जोडायचं काम रणजितकडे होतं. रणजित नाशिककडचा, एअर फोर्समधून निवृत्त होऊन इकडे आलेला, अल मजाजला बायकोमुलांसह राहायचा. अंगाने आडवा, बोलायला मऊ. त्यानेच हमीदाला पहिल्या दिवशी शेडमध्ये नेऊन सगळं दाखवलं.

तिने आजवर पाहिलेली विमानं धातूची, मुंबईला नेणारी. हे लाकडाचं आणि तारांचं होतं. दोन पंख वर, दोन खाली, आणि सगळं उघडं. जुनं कापड काढून टाकलेलं होतं. पंखांच्या आडव्या लाकडी पट्ट्या एकापुढे एक उभ्या होत्या. रणजित त्यांना रिब म्हणायचा. हमीदाला त्या शब्दाची गरज पडली नाही. तिने इतक्या बायांना आंघोळ घातली होती की फासळ्या तिला सांगाव्या लागत नव्हत्या.

“लढाईच्या वेळचं आहे भाभी,” रणजित म्हणाला. “ट्रेनर. पोरांना उडायला शिकवायचं विमान. मास्तर पुढे, पोरगा मागे. दोघांना सेम कंट्रोल. हे बघा.” त्याने पुढच्या सीटसमोरचा दांडा डावीकडे नेला. मागच्या सीटसमोरचा दांडा आपोआप डावीकडे गेला. रिकाम्या सीटमध्ये तो तसा हलताना पाहून हमीदाने ओढणी सावरली. “आणि ही रबरी नळी. मास्तर यातून बोलणार, पोराला कानात ऐकू येणार.”

“मग पुष्कळ पोरं शिकली असतील यावर.”

“एक पण नाही. हे एकच बनलं. प्रॉडक्शनला गेलंच नाही.”

“का?”

रणजितने हात पुसले. त्याला ही गोष्ट सांगायची फारशी इच्छा नव्हती, पण युसुफ मागे उभा राहून “सांगा ना रणजितभाई, हिला सांगा” करत होता. गोष्ट लहानशीच होती. चाचणीच्या वेळी मास्तराने एका कोवळ्या पोराला मागे बसवून नेलं. समुद्रावर गेल्यावर त्याने विमान एकदा उलटं करून सरळ केलं. मग नळीतून पोराला काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही. मास्तराने वळून पाहिलं तर मागची सीट रिकामी होती आणि पट्टा सुटलेला होता. पुढे सरकारने दुसरं विमान निवडलं आणि हे कुठल्याशा गोदामात पडून राहिलं.

“मय्यत?” हमीदाने विचारलं.

“नाही मिळाली. खाली पाणीच पाणी.”

कुणाचं तरी पोर होतं. त्याला ना कुणी आंघोळ घातली, ना अंगावर कापड टाकलं. त्याची आई आपल्या घरी दार उघडं ठेवून किती वर्षं बसली असेल, हा विचार हमीदाच्या मनातून दिवसभर गेला नाही.

काम मात्र तिला येण्यासारखं होतं. आधी घरी मशीनवर प्रत्येक पंखाचा अभ्रा शिवायचा, अगदी उशीला शिवतात तसा, फक्त खोलीभर लांब. कापड पांढरं लिनन. मग शेडमध्ये तो अभ्रा पंखावर चढवायचा, पंख काठावर उभा करायचा, आणि लांब सुईने मेण लावलेली दोरी या बाजूने त्या बाजूला आरपार नेत कापड प्रत्येक फासळीला शिवून टाकायचं. याला दोघं लागतात. एक अलीकडे, एक पलीकडे. अलीकडचा सुई आत ढकलतो, पलीकडचा ओढून परत पाठवतो. मधे कापड असल्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. आणि प्रत्येक टाक्याला अलीकडच्याने गाठ मारायची. रणजितने ती गाठ तिला स्वतः शिकवली आणि बजावलं, “भाभी, यात शॉर्टकट नाही. एक टाका तुटला तरी बाकीचे धरले पाहिजेत. गाठ नसेल तर हवेत पूर्ण कापड सोलून निघतं आणि माणूस खलास.”

तिने ते ध्यानात ठेवलं. ती अलीकडे, युसुफ पलीकडे. युसुफ पलीकडून अखंड बडबडायचा. वरचे दोन पंख झाले, खालचा उजवा झाला. रणजितने एकेक टाका बोटाने चाचपून पाहिला आणि पसंत केला.

शेडमध्ये एक गोष्ट मात्र कुणाला कळत नव्हती. मागच्या सीटचा पट्टा रणजित रोज संध्याकाळी बकल लावून ठेवायचा आणि सकाळी तो सुटलेला असायचा. त्याने बकल बदललं, तरी तेच. पाकिस्तानी वॉचमन वली याने शपथेवर सांगितलं की आपण त्या बाजूला फिरकतही नाही. युसुफने त्यावरून खूप थट्टा केली. हमीदाने नबिलाला, आपल्या शाळकरी लेकीला, घरी हे सांगितलं तेव्हा तीही हसली. “मम्मा, दॅट्स सो क्रीपी, डोन्ट गो,” म्हणाली आणि पुन्हा टीव्ही बघू लागली.

त्याच सुमारास युसुफने आणखी एक ‘हो’ म्हटला. विमान पहिल्यांदा उडवायला एक पिकल्या केसांचा गोरा पायलट येणार होता. मागे वजन असेल तर हे विमान नीट तोलतं, असं त्याचं म्हणणं होतं. रणजित वाळूच्या पिशव्या बांधू म्हणत होता. युसुफ पुढे सरसावला. मी आहे ना, पिशवी कशाला? अरबाब हसला आणि ठरलं.

“त्या सीटवर?” हमीदाने विचारलं.

“मग काय पंखावर बसू? अगो, आयुष्यभर लोकांच्या सीटा शिवल्या, एकदा तरी बसू दे की.”

त्याच्या डोळ्यांत पोरासारखी हौस होती. त्याला नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. तिने मनाशी एवढंच धरलं की ज्या कापडावर आपला माणूस वर जाणार ते आपण शिवतोय, आणि आपली शिलाई आजवर उसवलेली नाही. तिला त्या सीटची भीती वाटत होती. पण स्वतःच्या हातांवर तिचा भरवसा होता.

जुलैतल्या एका सकाळी बेल तशी वाजली. वरच्या मजल्यावरची खतीजा गेली होती. वय फार नव्हतं. हमीदाने तिला आंघोळ घातली, कापड फाडलं, त्यातलाच दोरा ओढला आणि शिवलं. दुपारी जेवणही न करता ती युसुफबरोबर शेडला निघाली, कारण डावा खालचा पंख तेवढा राहिला होता आणि युसुफने अरबाबाला आठवडाअखेरचा शब्द देऊन ठेवला होता. वाटेत त्यांचं यावरूनच वाजलं. रणजित पोर्टवर सामान सोडवायला गेलेला होता. शेडमध्ये दोघंच.

जुलैची दुपार म्हणजे पत्र्याखाली भट्टी. एक मोठा पंखा घरघरत होता, त्याच्या आवाजात पायरव ऐकू येत नव्हता. पंख उभा केला. हमीदा अलीकडे स्टुलावर बसली, युसुफ पलीकडे गेला. सुई गेली, सुई आली. काही वेळाने तिच्या लक्षात आलं की युसुफ आज बोलत नाही. रागावलाय, तिला वाटलं. तिला ते बरंच वाटलं. खतीजाचं तोंड तिच्या डोळ्यांपुढून हटत नव्हतं.

पलीकडच्या दारातून ऊन येत होतं आणि त्या उजेडात कापडावर एक सावली दिसत होती. डोकं, खांदे. हमीदा त्या सावलीशीच बोलत राहिली. खतीजाचा नवरा कसा सुन्न बसला होता, तिच्या धाकट्याने काय विचारलं, सगळं सांगितलं. उत्तर आलं नाही. सुई मात्र येत होती. युसुफची सुई नेहमी तिरकी यायची, तिला टोकायला लागायचं. आज ती नेमकी जिथे हवी तिथे येत होती, न चुकता. आणि गार येत होती. त्या भट्टीत स्टूल तापलं होतं, कात्री तापली होती, आणि सुई हातात आली की बोटं गार पडत होती. ती थोडी ओलीही असायची. घाम असेल, तिने ओढणीला पुसली.

मग हात आपोआप चालू लागले. फासळीमागून फासळी. पांढरं कापड, खाली हाताला लागणारी हाडं, समोर कुणीतरी गप्प बसून साथ देणारं. सकाळीही असंच होतं. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. कुणासाठी रडतोय हे तिला नक्की सांगता आलं नसतं. शेवटची फासळी झाली तेव्हा तिसऱ्या प्रहराची, अस्रची अजान लांबून ऐकू आली. ती उठली आणि पाणी प्यायला बाहेर गेली. युसुफ पिकअपपाशी तोंड धूत होता.

“झालं?” त्याने विचारलं.

“झालं.”

“शाबास!” एवढंच बोलून त्याने गाडी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने टाक्यांवर कापडी पट्ट्या चिकटवून टाकल्या. रणजित आला तोवर वरून रंगाचा पहिला हातही फिरला होता. रणजित थोडा कुरकुरला, पण बाकीचे तीन पंख त्याने पाहिले होते. हमीदाभाभींचं काम म्हणजे बघायला नको, असं म्हणून त्याने पुढचं काम हाती घेतलं.

उन्हाळा सरला, विमानाला रुपेरी रंग चढला, इंजिन गरजून झालं. उडायचा दिवस डिसेंबरात ठरला. स्वच्छ, गार सकाळ होती. अरबाबाचे पाहुणे, खुर्च्या, खजूर, कॉफी. हमीदा नबिलाला घेऊन आली होती. युसुफ मागच्या सीटवर चढून बसला होता, डोक्यावर चामड्याची टोपी, कानांना रबरी नळ्या. रणजित त्याचा पट्टा आवळत होता. एकदा लावला, सुटला. पुन्हा लावला, पुन्हा सुटला. तिसऱ्या वेळी रणजितने तो तारेने बांधला. युसुफ सगळ्यांना हात करत होता आणि त्याचं तोंड सुरूच होतं.

“रणजितभाई, या डाव्या पंखाचं क्रेडिट आमच्या बेगमचं हां! मी तर त्या दुपारी दोन टाके घालून पिकअपमध्ये एसी लावून झोपलो. अजान झाली तेव्हा उठलो. हिने एकटीने पूर्ण पंख खलास केला!”

सगळे हसले. हमीदा हसायला गेली आणि अर्ध्यात थांबली.

सुई आली होती. एकेका टाक्याला आली होती. तिने सावली पाहिली होती, तिच्याशी बोलली होती. तिच्या बोटांना तो गारवा आठवला, आणि त्याबरोबर बोटांनी काय केलं होतं तेही आठवलं. सुई आत, दोरी ओढली, सुई बाहेर, दोरी ओढली. मधे कुठे हात थांबला नव्हता. गाठ मारायला हात थांबावा लागतो. त्या दुपारी ती विमान शिवत नव्हती. ज्याला कुणी कफन दिलं नव्हतं, त्याला ती ते देत होती, आणि तो पलीकडे बसून घेत होता.

पायलट पुढच्या सीटवर चढला. कुणीतरी पुढचा पंखा फिरवायला हात लावला.

काय सांगणार होती ती? भूत म्हणाली असती तर पाहुण्यांनी पोट धरून हसून घेतलं असतं आणि विमान गेलं असतं. आणि गाठी नाहीत म्हणाली, आणि असल्या तर? चारचौघांत नवऱ्याचं नाक कापलं जाणार, दुकानाची अब्रू जाणार. बायकोने भर पाहुण्यांत खेळ मोडला, हे युसुफ जन्मभर विसरला नसता. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो टोपीवरच्या नळीला हात लावून, मान थोडी तिरकी करून बसला होता. तोंड पहिल्यांदाच बंद होतं. पायलट तर अजून काही बोललाच नव्हता. युसुफ कुणाचं तरी ऐकत होता.

“थांबा!” हमीदा ओरडली. इतक्या मोठ्याने ती आयुष्यात ओरडली नव्हती. ती धावत जाऊन डाव्या पंखापुढे उभी राहिली. “रणजितभाई, याला गाठी नाहीत.”

“नाहीत म्हणजे?”

“मी मारल्या नाहीत. सकाळी कफन शिवून आले होते. हाताने तसंच शिवलं.”

“अगो, वेडबीड लागलं काय?” युसुफ वरून म्हणाला. “बाजूला हो. रणजितभाई, तिचं मनावर नका घेऊ, ती घाबरते. बाजूला हो हमीदा, लोक बघतायत!”

“बघू देत. तुम्ही खाली उतरा.”

“मी नाय उतरणार.”

“मग मी नाही हटणार.”

पायलट काय चाललंय ते विचारत होता. अरबाबाने हातातली कॉफी खाली ठेवली, पंखापुढे हात पसरून उभ्या असलेल्या त्या बाईकडे क्षणभर पाहिलं आणि रणजितला मानेने खूण केली. “यल्ला, चेक.”

रणजितने खिशातला चाकू काढून एका फासळीवरची पट्टी खरवडली. खाली दोरी दिसली. ती चिमटीत धरून त्याने हिसका दिला. पायजम्यातून नाडी निघावी तशी ती सरसर निघत आली, आणि रुपेरी कापड फासळीवरून उचललं गेलं. त्याने दुसरी फासळी खरवडली. तिथेही तेच. पायलट हातमोजे काढून खाली उतरला आणि खुर्चीवर जाऊन बसला. युसुफही पट्ट्याची तार सोडवून खाली उतरला.

रणजितने ती दोरी हाताला गुंडाळली. मग हळूच म्हणाला, “भाभी, युसुफभाई तर झोपले होते म्हणतात. पलीकडून सुई कोण देत होतं? एकट्याने हे काम होत नाही.”

नबिला बघत होती. युसुफ बघत होता, पांढराफटक.

“मीच,” हमीदा म्हणाली. “धावत होते इकडून तिकडे.”

रणजितने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि चाकू मिटून खिशात टाकला.

विमान नंतर उडलंच नाही. पायलट परत आला नाही, अरबाबाची हौस दुसरीकडे वळली. रणजितने डाव्या पंखाचं ते कापड सोडवून काढलं तेव्हा हमीदाने मागून घेतलं. शेडमागे घाफचं झाड होतं, तिथल्या वाळूत तिने ते पुरलं आणि जे तोंडात आलं ते पुटपुटली. मागच्या सीटचा पट्टा त्यानंतर जसा लावला तसा राहिला, असं रणजित एकदा फोनवर म्हणाला.

अरबाबाचं काम गेलं, त्यामागून आणखी दोन-चार गिऱ्हाइकं गेली. तिच्याकडे कफनासाठी लोक येतच राहिले. आणि युसुफ? त्याने हे काही सोडलं नाही. पार दोन हजार चारपर्यंत, अल कुसैसच्या त्या घरात कुणी पाहुणा येऊ दे, चहा हातात पडायच्या आत तो सुरू व्हायचा. माझ्या नशिबात एकदा उडायचं होतं हो, पण बायकोला साधी गाठ मारता येईना. सगळ्या जमातीत माझं हसं केलं हिने. पाहुणे हसायचे, नबिला “पापा, नॉट अगेन” म्हणायची, आणि हमीदा आतून बशीत खारी घेऊन यायची.

एकदा रणजितची बायको सुहासिनी तिथे होती. तिला ते ऐकवेना. स्वयंपाकघरात येऊन ती म्हणाली, “भाभी, तुम्ही ऐकून कशा घेता हो? एकदा तरी उलट बोला त्यांना.”

बाहेर युसुफचा आवाज चढला होता, तो आता हात पसरून विमान कसं वळलं असतं ते दाखवत होता. हमीदाने चहा गाळता गाळता कान देऊन ऐकलं.

“बोलू देत,” ती म्हणाली. “अजून बोलतायत ना.”